हिरव्या टॅगची गाठ

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय नानासाहेब; या महाळुंग्यात तलवारबाजी नावाचा खेळ ज्यांनी आणला त्या आमच्या प्रशिक्षक जयमालाताई; व्यासपीठावरचे सर्व मान्यवर; ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती समाधानराव बिराजदार; समोर बसलेले पालक, ग्रामस्थ, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता थेट इथं आलेली कंपनीतली मंडळी; आणि या पत्र्याच्या शेडात पांढरी जॅकेटं घालून घामाघूम बसलेल्या आमच्या सगळ्या मुलींनो,

तुम्हा सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

या क्लबचा अध्यक्ष म्हणून मला दहा मिनिटं दिलेली आहेत. आमचे चिरंजीव बंटीशेठ यांनी माझ्यासाठी भाषण टाइप करून आणलंय. दोन पानं आहेत, सुरेख आहेत. त्यात समाधानरावांना 'क्लबच्या पाठीचा कणा' म्हटलंय आणि शेवटी त्यांना निरोगी दीर्घायुष्य चिंतलंय. ते चिंततोच मी. पण ही पानं मी घडी करून खिशात ठेवतो. नानासाहेब, तुम्ही मला चौथीत शिकवलंत. फळ्यापाशी उभा करून म्हणायचात, "सोपान, मुद्द्यावर ये." मला आजही मुद्द्यावर यायला वेळ लागतो, गुरुजी. पण आज येणार आहे. तेवढं सांभाळून घ्या.

समाधानराव उद्या सकाळी औशाकडं, त्यांच्या गावी निघालेत. सव्वीस वर्षं इथल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर होते, गेल्या महिन्यात निवृत्त झाले. आणि या सभागृहात, म्हणजे माझ्या जुन्या गोडाउनात, गेली चौदा वर्षं दर रविवारी त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून त्यांनी आपल्या मुलींची हत्यारं दुरुस्त केली. आमच्या खेळात या माणसाला आर्मरर म्हणतात. खेळणाऱ्याचं नाव पेपरात येतं. आर्मररचं नाव येत नाही. आलंच, तर काहीतरी बिघडलं म्हणूनच येतं.

आणि ते आलं. दोन वर्षांपूर्वी आलं. या शेडात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की समाधानरावांच्या चुकीनं देशाच्या मुलींचं पदक गेलं. तोंडावर कुणी बोलत नाही. आज तर आपण शाल आणलीय, श्रीफळ आणलंय, फोटोग्राफर बोलावलाय. पण मला सांगा, या माणसाच्या पाठीमागं तुम्ही काय बोलता? तेच ना? मीही ते ऐकून घेतलं, मान डोलावली. उद्या सकाळी हे एसटीत बसतील आणि ते बोलणं त्यांच्यासोबत औशाला जाईल. तिथंही पोरंबाळं, भाऊबंद आहेत. म्हणून आज बोलायचं.

आधी सुरुवात सांगतो, कारण नवीन पालकांना ती माहीत नाही. जयमालाताईंनी क्लब काढला तेव्हा आपल्याकडे विजेवर चालणाऱ्या तीनच तलवारी होत्या. तलवारीच्या टोकाला एक छोटं बटण असतं. ते समोरच्याच्या अंगाला लागून दाबलं गेलं की दिवा लागतो आणि गुण मिळतो. त्यातली एक तलवार बंद पडली. दुरुस्तीला दिल्लीला पाठवायची तर दोन महिने लागणार. ताई रडकुंडीला आल्या होत्या. शेजारच्या कंपनीतून चहाला बाहेर आलेला एक फिटर दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "ताई, बघू का?" घरी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी आणून दिली. "यात काई नाही ताई. एक स्प्रिंग अन् दोन स्क्रू. फकस्त स्क्रू मुंगीएवढे हायत." त्या दिवसापासून हा माणूस आपला झाला. बिनसाखरेच्या चहाशिवाय त्यांनी आपल्याकडून काही घेतलं नाही.

त्यांनी टूलरूममधली एक पद्धत इथं आणली. माल तपासून पास झाला की त्याला हिरवा टॅग लागतो. टॅगवर तारीख आणि सही. एकदा टॅग लागला की तो माल पुन्हा कुणी उघडून बघत नाही, कारण सही करणाऱ्यानं त्याची जबाबदारी घेतलेली असते. समाधानराव तपासलेल्या प्रत्येक तलवारीच्या मुठीला असा हिरवा टॅग पांढऱ्या दोऱ्यानं बांधायचे. बारीक दुहेरी गाठ मारायचे आणि टोकं कात्रीनं कापायचे. मुली म्हणायच्या, काकांनी टॅग लावला म्हणजे डोळे मिटून हातात घ्या. मुलींनो, तुमच्यातल्या काही जणी आजही तसंच म्हणतात. मी ऐकतो.

त्या मुलींमध्ये एक मैत्री होती. अकरा वर्षांची असताना आईचा हात धरून आली. आई कस्तुराबाई कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला, वडील बुद्धरत्न प्रेस शॉपला. पोरगी डावखुरी. जयमालाताई म्हणाल्या, डावखुरी म्हणजे आमच्या खेळात सोनं. पण माझ्या लक्षात आहे ते वेगळंच. खेळून दमली की ही पोर समाधानरावांच्या बाकाशेजारी बसायची आणि ते स्क्रू एका चुंबकावर मोजून ठेवायची. एक हरवला तर दोघं गुडघ्यावर बसून फरशी धुंडाळायची. "काका, सापडला!" ही आरोळी आमच्या ऑफिसपर्यंत यायची.

दोन वर्षांपूर्वी ती भारताच्या महिला संघात निवडली गेली. एपी या तलवारीच्या प्रकारात, आशिया खंडातल्या मोठ्या स्पर्धेसाठी. आपल्या भागातली पहिली. संघाचा आर्मरर आजारी पडला आणि मैत्रीनं स्वतः नाव सुचवलं, आमचे समाधानकाका. ते पहिल्यांदा विमानात बसले ते तिच्यामुळं. आता निरोपाचा समारंभ केल्याशिवाय सोपानराव कुणाला परदेशी जाऊ देतील का? मंडप घातला, फ्लेक्स लावले. फ्लेक्सवर मैत्रीचा फोटो एवढा आणि माझा... जाऊ द्या, तुम्ही पाहिलाय.

टेबलावर सगळ्या तलवारी मांडल्या. इथं पूजेशिवाय आपण काही सुरू करतो का? खंडेनवमीला या पट्ट्यातल्या प्रेस मशीनला झेंडूचा हार पडतो, फोर्कलिफ्टला नारळ फुटतो. मी हळदीकुंकवाची वाटी उचलली. तेव्हा मैत्री पुढं आली. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "सर, माझ्या हत्यारांना नको. आमच्यात करत नाहीत. आणि टोकात ओल गेली तर बटण बिघडतं."

अगदी नम्रपणे म्हणाली. समाधानरावांनी तिच्या तीन तलवारी उचलून बाजूला ठेवल्या आणि बाकीच्यांच्या फक्त मुठीला कुंकू लावून घेतलं. मी हसून म्हणालो, "बरं बाई, तुझ्या मनासारखं." फोटो झाले, पेढे वाटले.

लोकांना वाटलं सोपानराव किती मोठ्या मनाचे. मी मोठ्या मनाचा नव्हतो. मला ते लागलं होतं. माझं शेड, माझा मंडप, माझ्या हातातली वाटी, आणि कालची पोर मला नको म्हणते. आणि दुसरंही सांगतो, कारण आज सगळंच सांगायचंय. मला भीतीही वाटली होती. बाकी सगळ्या पोरींच्या हत्यारांना देवाचा हात लागला आणि जी देशाकडून खेळणार तिच्याच हत्याराला नाही. उद्या काही कमीजास्त झालं म्हणजे?

हे इथंच ठेवतो. आता सामन्याकडं येतो.

याच शेडात मी मोठा पडदा लावला होता. ढोलपथक बाहेर उभं होतं. समोर बसलेले निम्मेअधिक जण त्या दिवशी इथंच होते. ज्यांना खेळ कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो: संघात चौघी, तिघी खेळतात, एक राखीव. तिघी आळीपाळीनं समोरच्या तिघींशी खेळतात, अशा नऊ फेऱ्या. पंचेचाळीस गुण आधी करेल तो संघ जिंकला. उपांत्यपूर्व सामना होता. तो जिंकला की किमान कांस्यपदक पक्कं, कारण उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोन्ही संघांना तिथं कांस्य देतात. शेवटची फेरी मैत्रीची. पाच गुणांनी मागं असताना ती उतरली. एकेक गुण भरून काढत आणला. चव्वेचाळीस-चव्वेचाळीस. एक गुण राहिला. इथं बायका उभ्या राहिल्या होत्या. कस्तुराबाई पदर तोंडावर धरून बसल्या होत्या.

आणि तिच्या तलवारीचं पातं मोडलं. पातं मोडणं हा गुन्हा नाही, खेळात मोडतात. तिचं एक पातं सकाळच्या सामन्यातच मोडलं होतं. समाधानराव ते बदलत बसले होते, त्याची तार अजून चिकटून वाळायची होती. त्यांच्याकडे चौघींची हत्यारं आणि ते एकटे. तेव्हा राहिली होती ती तिसरी तलवार. हिरवा टॅग लावलेली. समाधानरावांनी टॅग कापून ती तिच्या हातात दिली. तिनंही बघितलं नाही. का बघेल? काकांचा टॅग होता.

पंच आधी हत्यार तपासतात. टोकाचं बटण दाबतात, दिवा लागला पाहिजे. पंचांनी दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाही. आमच्या खेळाचा नियम कडक आहे. बिघडलेलं हत्यार घेऊन उभं राहिलात तर पहिल्यांदा पिवळं कार्ड, दुसऱ्यांदा लाल. मैत्रीला आधीच्या फेरीत अंगावरची वायर बिघडली म्हणून पिवळं मिळालेलं होतं. पंचांनी लाल कार्ड दाखवलं. लाल कार्ड म्हणजे समोरच्या संघाला एक गुण.

पंचेचाळीस-चव्वेचाळीस. संपलं. तो शेवटचा गुण कुणी खेळलंच नाही. दोघी मुली तलवार खाली घेऊन उभ्या होत्या. ढोलवाल्यांना बाहेर कळलं नाही, त्यांना वाटलं जिंकलो. त्यांनी ढोल सुरू केला. तो थांबवायला मला बाहेर धावत जावं लागलं.

पडद्यावर मैत्रीचा चेहरा आला. ती समाधानरावांकडं वळली आणि म्हणाली, "काका, एवढं एकच काम होतं तुमचं." शेजारच्या माइकनं ते पकडलं. संध्याकाळपर्यंत ते आठ सेकंद सगळ्यांच्या मोबाइलवर होते. त्यावर गाणी लावली लोकांनी. समाधानराव परत आले तेव्हा त्यांच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोरं स्क्रू ड्रायव्हर मागायचा झाला तरी ते वाक्य म्हणायची. हे मला त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी मला कधीच काही सांगितलं नाही.

मग चौकशी झाली. वरच्या संघटनेकडून पत्र आलं, क्लबनं तीन जणांची समिती नेमून अहवाल द्यावा. मी अध्यक्ष, जयमालाताई सदस्य, तिसरे सदस्य आज हयात नाहीत. समाधानरावांनी स्वतःच्या हातानं जबाब लिहून दिला. दोन ओळींचा. "टॅग असलेलं हत्यार मी पुन्हा तपासलं नाही. चूक माझी आहे." आम्ही अहवालात लिहिलं, 'आर्मररच्या हलगर्जीपणामुळे.' खाली माझी सही. त्यानंतर कुठल्याच संघाबरोबर त्यांना नेलं गेलं नाही. इथं मात्र ते दर रविवारी येत राहिले. मुलींनी हत्यारं दिली तर दुरुस्त करायचे. नाही दिली तर बसून राहायचे.

आणि मैत्री? पदक आलं असतं तर सरकारी नोकरीची दारं उघडत होती. ती उघडली नाहीत. तिनं खेळ सोडला. तलवारी इथं आणून ठेवल्या आणि गेली. समाधानरावांशी ती दोन वर्षं बोललेली नाही. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला लागली. पार्ट तपासते आणि टॅग लावते. आठ तास. ओव्हरटाइम असला तर बारा.

इथपर्यंतचं तुम्हाला माहीत होतं. आता जे सांगतो ते या शेडात फक्त दोन माणसांना माहीत आहे. एक मी आणि एक सत्कारमूर्ती.

परदेशातून आले त्याच दिवशी समाधानराव माझ्या ऑफिसात आले. ती तलवार घेऊन आले होते. माझ्या टेबलावर पांढरा रुमाल पसरला, टोकाचे दोन स्क्रू काढले, बटण काढलं, आणि नळी रुमालावर उलटी करून आपटली. पिवळा चुरा पडला. वाळलेला. त्यात थोडं लाल.

"दादा, ही हळद हाय," ते म्हणाले. "ह्या तलवारीला तर आपण कायबी लावलं नव्हतं. हे हत्यार कुठं देवळात गेलतं का?"

एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. मंडळी, एका शब्दाचं उत्तर होतं. व्हय म्हणायचं होतं. मी "न्हाई" म्हणालो.

ती देवळात गेली होती. मीच नेली होती.

त्या समारंभानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे. शेडची एक किल्ली माझ्याकडं असते. मैत्रीच्या बॅगेतून एक तलवार काढली, उपरण्यात गुंडाळली आणि गावदेवाच्या देवळात गेलो. पुजारी म्हणाला, "दादा, ह्यो कागुद भिजंल, काढा." म्हणून मी तो हिरवा टॅग सोडला. पुजाऱ्यानं दूध घातलं, पाणी घातलं, हळदीकुंकू वाहिलं. मी हात जोडून मैत्रीसाठी मागणं मागितलं. खोटं नाही सांगत, मनापासून मागितलं. मग उपरण्यानं तलवार पुसली. बाहेरून पुसली. टोकाच्या आत काय गेलंय हे मला काय ठाऊक? पण तिनं सांगितलं होतं की हो! टोकात ओल गेली तर बिघडतं, हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. मी तिचं फक्त 'नको' ऐकलं होतं आणि त्याचाच राग धरून बसलो होतो.

टॅग परत बांधला आणि तलवार बॅगेत ठेवली. घरी येऊन चहा प्यालो. कुणाला बोललो नाही. मनात म्हटलं, पदक आलं की मग सांगू, सगळ्यांसमोर, माइकवर. बघा म्हणावं, कुणाच्या पुण्याईनं आलं.

बंटी, बस खाली. माइकच्या वायरला हात लावायचा नाही. तुझ्याबद्दलही बोलायचंय मला.

त्या दिवशी ऑफिसात मी "न्हाई" म्हणालो. आणि मी, न विचारता, पुढचं बोललो. म्हणालो, "हे बघा समाधानराव, पूजेबिजेचं काढलंत तर समाजात तेढ होईल. आणि या भानगडीत माझं नाव आलं तर आमचा बंटी हे शेड उद्या कंपनीला भाड्यानं देईल. मग साठ पोरी कुठं खेळणार, ते तुमचं तुम्ही बघा." बंटीला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यानं कधी शेड मागितलं नव्हतं. बाळा, धमकी माझी होती. तुझं नाव वापरलं.

समाधानरावांनी चुरा रुमालात बांधला. दारात थांबून एवढंच म्हणाले, "पोरींचं शेड जाया नको." दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा जबाब आणून दिला. तो तुम्ही पुन्हा आठवून बघा. त्यात एक शब्द खोटा नाही. त्यांनी टॅग लावलेलं हत्यार तपासलं नव्हतं, हे खरंच आहे. त्यावर मी सही ठोकली.

जयमालाताई, तुम्ही माझ्याकडं बघत नाही आहात, बरोबर आहे. तुम्ही माझ्या शब्दावर सही केलीत. त्या अहवालात तुमचा दोष एवढाच, की सोपानराव खोटं बोलणार नाहीत असं तुम्हाला वाटलं.

आता तुम्ही विचाराल, दोन वर्षं गप्प बसलास, मग आजच का? मला आपोआप उपरती झाली असं नाही. तेवढा मी भला नाही. समाधानरावांचं जाणं ठरलं तेव्हा मला, ऐका, मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. मी स्वतः म्हणालो, जंगी निरोप देऊ. ही शाल मी निवडली.

परवा ते आवराआवर करायला आले. हत्यारांची पेटी मिनलच्या ताब्यात दिली. क्लबातली आमची मिनल आता ते काम शिकलीय. एकेक हत्यार तिला समजावून सांगितलं. मग माझ्या ऑफिसात आले. खिशातून हे काढलं.

मागच्या रांगांना दिसणार नाही. हा हिरवा टॅग आहे. त्याच तलवारीचा. कापलेला दोरा अजून त्याला आहे, गाठीसकट. समाधानरावांची गाठ तुम्हाला सांगितली मी, बारीक, दुहेरी, टोकं कापलेली. ही गाठ बघा. ही पोत्याचं तोंड बांधायची गाठ आहे. आम्ही शेतकरी, लहानपणापासून दुसरी गाठ आमच्या हाताला येत नाही. या शेडात येणाऱ्या माणसांत अशी गाठ मारणारा मी एकटा.

त्या दिवशी सामना संपल्यावर त्यांनी तो टॅग उचलला आणि गाठ बघितली. म्हणजे माझ्या ऑफिसात येऊन प्रश्न विचारला, त्याआधीच त्यांना सगळं कळलेलं होतं. मला खरं बोलायची एक संधी द्यायला आले होते. मी ती घेतली नाही. आणि हा टॅग ते दोन वर्षं पेटीत ठेवून इथं येत राहिले. कँटीनमध्ये ते वाक्य ऐकत राहिले. हा एक कागद कुणालाही दाखवला असता तरी ते सुटले असते.

परवा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "दादा, हे तुमचं. मी गावाला नेणं बरं दिसत न्हाई."

मला त्यांनी शिवी दिली असती तर मी आज बंटीची दोन पानं वाचली असती. खरं सांगतो.

आता कामाचं बोलतो. काल मी वरच्या संघटनेला पत्र लिहिलंय, आत्ता सांगितलं ते सगळं त्यात आहे. ते पत्र अध्यक्षांच्या समोर ठेवलंय, नानासाहेब, आपण वाचून घ्या. या क्लबच्या अध्यक्षपदाचा राजीनामा त्याच्याखाली आहे. शेड क्लबच्या नावानं करून देण्याचे कागद वकिलाकडं तयार आहेत, म्हणजे उद्या कुणी सोपानराव कुणा समाधानरावांना शेडाची भीती घालणार नाही. याच्यावर टाळ्या नकोत. वाजवू नका म्हटलं ना! जे गेलं ते यानं येत नाही. पदक ज्यांना द्यायचं होतं त्यांना देऊन झालं. पत्र पोचेल, कुणीतरी वाचेल, फाइलला लावेल. मैत्रीचा तो एक गुण कुणी परत खेळवणार नाही.

सत्काराचं तबक इथं आहे. शाल, श्रीफळ आणि कुंकवाची वाटी. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलंय की हा सत्कार माझ्या हस्ते व्हायचा आहे. तो माझ्या हस्ते होणार नाही. समाधानराव, तुम्ही मघापासून मान हलवून मला 'बास' म्हणताय. तुम्ही दोन वर्षं माझं सांभाळलंत. आता सांभाळू नका. तुम्ही निर्दोष आहात, हे मी तुमच्या समोर, तुमच्या पोरींच्या समोर बोलतो. ज्यांनी ज्यांनी ते आठ सेकंद पुढं पाठवले, त्यांनी आज घरी जाण्याआधी यांना भेटून जावं. मोबाइल बाहेर ठेवून.

कस्तुराबाई, तुम्ही उभ्याच आहात मघापासून. मी बसा म्हणायला आता माझं तोंड नाही. तुम्ही त्या समारंभात मला म्हणाला होतात, "साहेब, पोरीला सांभाळून पाठवा."

मैत्री दाराशी उभी आहे. शिफ्टवरून आलीय, कंपनीचा शर्ट अंगात आहे. आलीस हे बरं केलंस. कुणी तिच्याकडं वळून बघू नका. तू काकांना जे बोललीस ते तुझ्या जागी कुणीही बोललं असतं. पण ते तू चुकीच्या माणसाला बोललीस, आणि चुकीच्या माणसाकडं तुला मी वळवलं. तुझा दोन वर्षांचा अबोलाही माझ्याच खात्यावर आहे.

अध्यक्षमहाराज, माझी दहा मिनिटं कधीच संपली. आपण मला थांबवलं नाहीत, त्याबद्दल आपले आभार. जयमालाताईंचे, मंडपवाल्यांचे, चहा करणाऱ्या भगिनींचे, आणि या उन्हात पत्र्याखाली इतका वेळ बसून राहिलेल्या तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात कुणाचं नाव मागंपुढं झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर तेवढ्यापुरतं पोटात घाला.

राहिलेली माफी मला माइकवरून मागायची नाही. समाधानरावांची मागितली, तर ते देऊन टाकतील, मला ठाऊक आहे, म्हणून ती आज मागत नाही. मी आता या पायऱ्या उतरून त्या दारापर्यंत चालत जाणार आहे. मैत्री काय म्हणेल ते मला माहीत नाही. पण इथल्या वडीलधाऱ्यांना, गावच्या पंचमंडळींना, सगळ्यांना माझी एक विनंती आहे. तिनं एकदा नको म्हटलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. आज तिनं पुन्हा नको म्हटलं, तर तिला समजवायला कुणीही पुढं यायचं नाही.